बोटांना दिलेला शब्द

मासिक आधी हातात येते आणि मग वाचले जाते. स्टॉलपुढे उभा असलेला माणूस अंक उचलतो, मुखपृष्ठावरून अंगठा फिरवतो, कागद चाचपतो आणि मग किंमत विचारतो. छापखान्याच्या लोकांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणूनच मुखपृष्ठावर कधी उठावाची अक्षरे येतात, कधी खिडकी कापलेली असते, कधी चमकती फिल्म चिकटवलेली असते, तर कधी कागदाच्या पोटात चक्क बॅटरी बसवलेली असते. डोळ्यांना दाखवून झाले, आता हातालाही काहीतरी द्या, असा हा सगळा खटाटोप. त्यातले काय टिकते आणि काय रद्दीत जाते हे बघण्याची आम्हाला सवय आहे, कारण आमचे घर पुस्तकांच्या बांधणीवर चालले.

आम्ही दोघी बहिणी सोलापूरच्या. आजोबांनी सुरू केलेले बाइंडिंगचे दुकान अब्बांनी वाढवले. आता आमच्यापैकी एक ते सांभाळते आणि दुसरी शाळेत शिकवून संध्याकाळी हिशेबाला बसते. शाळा आणि वाचनालये वर्ष संपले की मासिकांचे गठ्ठे आमच्याकडे पाठवतात. अंक क्रमाने लावायचे, पिना काढायच्या, फॉर्म दोऱ्याने शिवायचे, खळ लावायची, पुठ्ठा आणि कापड चढवायचे, रात्रभर दाबात ठेवायचे. या कामात पहिला प्रश्न येतो तो मुखपृष्ठांचा. बहुतेक ठिकाणी सांगतात, ‘कव्हरं काढून टाका, उगीच जाडी वाढते.’ अब्बा मात्र गिऱ्हाइकाला दोनदा विचारल्याशिवाय एकही मुखपृष्ठ फाडत नसत. ते म्हणायचे, ‘‘कव्हर म्हणजे अंकाचा चेहरा आहे. चेहरा काढून माणूस कपाटात ठेवतात का?’’

मराठी माणसाच्या हाताला खेळवणारे मुखपृष्ठ म्हटले की ‘आवाज’चे नाव आधी येते. मधुकर पाटकरांचा हा विनोदी दिवाळी अंक महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला तो त्याच्या खिडकीचित्रांमुळे. वरच्या पानाला एक खिडकी कापलेली. तिच्यातून खालच्या पानावरच्या चित्राचा तेवढाच तुकडा दिसायचा आणि तो वरच्या चित्रात असा काही मिसळून जायचा, की बघणाऱ्याला भलतेच काहीतरी वाटावे. पान उलटले की खाली साधा, निरुपद्रवी देखावा. म्हणजे चावटपणा कागदावर नव्हताच, तो बघणाऱ्याच्या डोक्यात होता, असे सांगून चित्रकार मोकळा!

आमच्या घरात हा अंक बांधणीच्या गठ्ठ्यातूनच यायचा आणि अम्मी तो पहिल्यांदा वरच्या फळीवर ठेवायची. तिचे म्हणणे सरळ होते. जो विनोद अब्बांसमोर आणि मुलींसमोर एकाच वेळी उघडता येत नाही, तो घरात मांडून ठेवू नये. तिच्याशी आम्ही आजही वाद घालणार नाही. पण अब्बा ते पान कारागिराच्या नजरेने बघत. खिडकी कापायला आधी डाय बनवावी लागते. पोलादाची पातळ, धारदार पट्टी हव्या त्या आकारात वाकवायची, प्लायवुडमध्ये खाच पाडून तीत घट्ट बसवायची आणि कापलेला कागद पट्टीत अडकून राहू नये म्हणून दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे चिकटवायचे. मग एकेक ताव दाबाखाली जातो. इतके करूनही शिवताना किंवा पिन मारताना पान जरासे सरकले, की वरचे चित्र खालच्या चित्राशी जुळत नाही आणि विनोद मरतो. चित्रकार, डाय बनवणारा, कापणारा आणि बांधणारा, चौघांचे हात एका रेषेत आले तरच वाचकाला हसू येणार. ‘‘ही खिडकी नुसती सजावट नाही,’’ अब्बा म्हणायचे, ‘‘ती बुजवली तर चित्रच उरत नाही.’’

ही कसोटी आमच्या मनात तेव्हापासून बसली. मुखपृष्ठावरची करामत काढून टाकली तर अंकाचे काही बिघडते का? बिघडत असेल तर ती करामत कामाची. बिघडत नसेल तर तो दागिना, आणि बहुतेक वेळा खोटा.

अमेरिकेतल्या ‘मॅड’ या विनोदी मासिकाची गोष्ट याच कसोटीची आहे. १९६४ च्या सुमारास तिकडच्या मोठ्या मासिकांत उलगडत जाणाऱ्या रंगीत पानांची चलती होती. तीन-तीन घड्यांचे महागडे पान उघडायचे आणि भले मोठे चित्र बघायचे. अल जॅफी या व्यंगचित्रकाराने त्याची टर उडवायची ठरवली. त्यांनी उलगडण्याऐवजी घडी घालायचे चित्र काढले. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक पूर्ण चित्र, वर एक प्रश्न, खाली मजकूर. पानाला दोन घड्या घालून दोन्ही टोके जुळवली, की मधला भाग झाकला जातो आणि त्याच चित्रातून दुसरेच चित्र तयार होते, खालच्या अक्षरांतून प्रश्नाचे उत्तर निघते. ना डाय, ना फिल्म, ना जास्तीचा एक पैसा. लागतो तो फक्त वाचकाचा हात. १९६४ मध्ये सुरू झालेली ही घडी जॅफींनी २०२० पर्यंत चालवली. निवृत्त झाले तेव्हा ते ९९ वर्षांचे होते. अंक जपून ठेवणाऱ्या शौकिनांची मात्र पंचाईत. घडी घातली तर प्रत खराब होते आणि नाही घातली तर उत्तर कळत नाही.

सोव्हिएत काळात मॉस्कोहून निघणाऱ्या ‘क्रुगोझोर’ नावाच्या मासिकाने तर अंकाच्या मधोमध आरपार भोकच पाडले होते. १९६४ पासून १९९२ पर्यंत चाललेल्या या मासिकात लवचीक प्लास्टिकच्या पातळ तबकड्या बांधलेल्या असत. अंक दुमडायचा, तबकडी वर आणायची आणि आख्खे मासिक रेकॉर्ड प्लेअरवर चढवायचे. ज्याच्याविषयी वाचले त्याचा आवाज तिथल्या तिथे ऐकायचा. बांधणीच्या दृष्टीने विचार केला तर हे धाडस मोठे आहे. प्रत्येक पानाच्या मधोमध भोक येणार, म्हणजे मजकूर आणि चित्रे त्याला सांभाळून मांडायची. पण ते भोक बुजवले तर आवाज बंद. अब्बांच्या कसोटीला हेही उतरले असते.

आता दुसरी बाजू. अब्बांना जुन्या अंकांचा शौक होता. रद्दीच्या एका मोठ्या लॉटमधून त्यांना ‘नॅशनल जिऑग्राफिक’चे काही अंक मिळाले होते. या मासिकाने मार्च १९८४ च्या मुखपृष्ठावर गरुडाचा होलोग्राम छापला आणि एक कोटीहून जास्त प्रतींवर तो चढवला. डिसेंबर १९८८ मध्ये, शंभरी पूर्ण झाली त्या वर्षी, त्यांनी मुखपृष्ठाबरोबर मलपृष्ठही होलोग्रामचे केले. पुढे काचेचा पृथ्वीगोल फुटताना दिसतो आणि ही नाजूक धरती माणूस वाचवू शकेल का, असा प्रश्न विचारलेला. मागे एका खाद्यपदार्थाच्या कंपनीची जाहिरात, तीही होलोग्राममध्येच. लहानपणी तो अंक आम्ही खिडकीपाशी नेऊन तिरपा करकरून बघत असू. प्रकाशाचा तुकडा हलला की गोल जिवंत व्हायचा. आज मात्र तो हातात घेतला की रद्दीचा वजनकाटा आठवतो. धातूचा पातळ मुलामा दिलेली ही फिल्म कागदाबरोबर लगद्यात विरघळत नाही. साध्या लॅमिनेशनचेही तेच. रद्दीवाला अशी कव्हरे फाडून वेगळी काढतो आणि त्यांना भाव देत नाही. धरती वाचवण्याचा प्रश्न ज्या कागदावर विचारला, तोच कागद पुन्हा कागद होऊ शकत नव्हता.

याच्या पुढची मजल ‘एस्क्वायर’ या अमेरिकन मासिकाने मारली. ऑक्टोबर २००८ चा त्यांचा ७५ व्या वर्षाचा अंक. त्याच्या एक लाख प्रतींच्या मुखपृष्ठात इलेक्ट्रॉनिक शाईचा छोटा पडदा बसवलेला होता. त्यावर अक्षरे लुकलुकत आणि एकविसावे शतक आता सुरू होत असल्याची द्वाही फिरवत. आतल्या बाजूला एका मोटार कंपनीच्या जाहिरातीत दुसरा पडदा. या दोन पडद्यांसाठी काय काय करावे लागले ते ऐकण्यासारखे आहे. कागदाच्या जाडीत बसेल इतकी लहान बॅटरी मुद्दाम तयार करून घेतली. ती आणि पडदा चीनमध्ये बनले, मेक्सिकोत कामगारांनी ते एकेका अंकात हाताने बसवले आणि बॅटरी लवकर उतरू नये म्हणून अंक थंड ठेवणाऱ्या ट्रकमधून वितरकाकडे नेले. एवढे करून बॅटरीचे आयुष्य सुमारे नव्वद दिवस! म्हणजे नवे वर्ष उजाडेपर्यंत मुखपृष्ठावरचे नवे शतक विझून गेले असणार. मागे उरली ती काळी चौकट, थोडी तार आणि काही गोल सेल.

आपल्याकडे २१ सप्टेंबर २०१० ला ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘द हिंदू’च्या वाचकांना बोलणारे वर्तमानपत्र मिळाले होते, ते काहींना आठवत असेल. एका मोटारीच्या जाहिरातीसाठी शेवटच्या पानावर छोटी चिप चिकटवलेली. पान उघडले, उजेड पडला, की ती बोलू लागायची आणि घडी घातली की गप्प. पहिल्या दिवशी नवल, पण ते एका दिवसाचेच. त्या आवाजाला सांगायची बातमी नव्हती, त्याला मोटार विकायची होती.

वासाचीही अशीच कथा आहे. आमच्या दुकानात आजही बिलबुके बांधायला येतात. त्यांच्या कार्बनलेस कागदाला खालच्या बाजूने अतिसूक्ष्म कुप्यांचा लेप असतो. पेनाचा दाब पडला की कुप्या फुटतात आणि खालच्या कागदावर अक्षर उमटते. हे तंत्र अमेरिकेत १९५० च्या दशकात निघाले आणि पुढे त्याच कुप्यांत शाईऐवजी सुगंध भरून नखाने खरवडून हुंगायचे कागद तयार झाले. मग अत्तराच्या जाहिराती मासिकांत शिरल्या. नको असलेला दर्प टपालाच्या पेटीतून घरात येऊ लागला. दम्याच्या माणसाला तर हा जाचच. शेवटी तिकडच्या टपाल कायद्यात लिहावे लागले, की सुगंधाचा नमुना नीट बंद केलेला असल्याशिवाय टपालाने पाठवता येणार नाही. आपल्या घरी पाहुण्याला अत्तर लावायचे तर आपण आधी हात पुढे करायला सांगतो. त्यातला अदब त्या कागदाला कायद्याने शिकवावा लागला.

इतके दिवस आम्ही या साऱ्याकडे कारागिरी आणि रद्दी या दोन टोकांमधून बघत होतो. तिसरी नजर आम्हाला चाचांनी दिली.

चाचा म्हणजे आमच्या दुकानाचा सोनेरी हात. ग्रंथाच्या पाठीवर नाव उमटवण्याचे काम त्यांचे. पितळी अक्षरे उलटी जुळवायची, तापवायची, सोनेरी फॉइलवर बेताने दाबायची. जास्त दाबले तर कापड जळते, कमी दाबले तर अक्षर तुटते. पन्नाशीनंतर त्यांना काचबिंदूने गाठले. हा आजार बाजूची नजर आधी खातो, त्यामुळे माणसाला लवकर कळत नाही आणि गेलेली नजर परत मिळत नाही. वाचकहो, घरात कुणाला काचबिंदू झालेला असेल तर बाकीच्यांनी चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब तपासून घ्यावा, एवढे या निमित्ताने सांगतो.

नजर गेल्यावरही चाचा रोज दुकानात येत. गठ्ठ्यावर हात फिरवून सांगत, हा अमक्याचा अंक, हा दिवाळीचा, याला खिडकी आहे. एकदा एक झकपक अंक आला. नाव उठावाच्या अक्षरांत, मध्ये कमळाचे फूल, त्याच्या एकेका पाकळीवर वार्निशचा जाड थर. आम्ही तो मुद्दाम त्यांच्या हातात दिला. त्यांनी नाव बोटांनी अक्षर अक्षर वाचले. पाकळ्या मोजल्या. चेहरा खुलला. मग त्यांनी पान उलटले. तिथे हात फिरवला. आणखी एक पान उलटले. सगळे सपाट. अंक मिटून परत देताना ते म्हणाले, ‘‘पोरींनो, दार तर फार देखणं केलंय. पण आत घर कुठं आहे?’’

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. आम्हा दोघींनाच पुढे काही सुचेना. ज्या उठावाला आपण हौस म्हणतो, तो एका माणसाला पहिल्यांदा ‘या’ म्हणाला होता आणि उंबऱ्यावरच थांबवून ठेवला होता. मुखपृष्ठ बोटांना शब्द देते. तो आत पाळला गेला नाही, तर बोटे फसतात.

त्यानंतर अंधशाळेतले एक शिक्षक आमच्याकडे ‘स्पर्शज्ञान’चा अंक घेऊन आले. अंध कलाकारांची नाटके बसवणाऱ्या स्वागत थोरातांनी १५ फेब्रुवारी २००८ ला सुरू केलेले हे मराठीतले ब्रेल पाक्षिक. त्या अंकात डोळ्यांसाठी काहीच नाही. जाड, खाकीसर कागद आणि त्यावर ठिपकेच ठिपके. सहा ठिपक्यांच्या घरात साऱ्या भाषा बसवायची ही युक्ती फ्रान्सच्या लुई ब्रेलने जवळपास दोनशे वर्षांपूर्वी, वयाच्या पंधराव्या वर्षी उभी केली. भारती ब्रेलमध्ये मराठीचा ‘क’ आणि हिंदीचा ‘क’ एकच असतो. छापील एका पानाची इथे दोन-तीन पाने होतात. आणि आमच्या धंद्यातली मोठी गंमत म्हणजे हे पान दाबायचे नसते! ज्या दाबाशिवाय आमची बांधणी पुरी होत नाही, त्याच दाबाने इथे ठिपके बसतात आणि अक्षरे मरतात. आजोबांच्या काळापासूनचा नियम इथे उलटा फिरवावा लागतो.

चाचा तेव्हा साठीला आले होते. त्या वयात बोटांना अक्षरे शिकवणे सोपे नसते. शिक्षक आठवड्यातून दोनदा येत. ब्रेल पाटीवर कागद अडकवून टोच्याने ठिपके पाडायचे, तर ते कागदाच्या मागच्या बाजूला उठतात. म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे, उलट्या अक्षरांत लिहायचे. हे कळल्यावर चाचा खदखदून हसले. ‘‘मदरशातला उर्दूचा हात आणि दुकानातली उलटी पितळी अक्षरं, दोन्ही इथंच कामाला यायची होती!’’ वाचताना मात्र उर्दू आणि अरबी ब्रेलसुद्धा डावीकडून उजवीकडेच जाते, हे ऐकून त्यांना आणखी मौज वाटली. सहा-सात महिन्यांनी त्यांनी ‘स्पर्शज्ञान’मधली एक आख्खी बातमी आम्हाला वाचून दाखवली. बोट ओळीवरून सरकत होते आणि आवाज मागून येत होता. एवढी वर्षे आम्ही त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. त्या दिवशी ऐकणाऱ्या आम्ही होतो.

मुंबईहून २०१३ पासून ‘व्हाइट प्रिंट’ नावाचे इंग्रजी ब्रेल मासिकही निघू लागले. म्हणजे हाताने वाचणाऱ्याला फक्त अभ्यासाचे पुस्तक नको असते, त्यालाही आपल्यासारखे महिन्याचे मासिक हवे असते, हे कुणाच्या तरी ध्यानात आले.

आम्ही काही करामतींच्या विरोधात नाही. मुलांचे मासिक उघडले की कागदी घर उभे राहावे, चाक फिरवले की ऋतू बदलावेत, याचा आनंद आम्हालाही होतो. आयांना दोन गोष्टी मात्र सांगाव्याशा वाटतात. गाणारा किंवा चमकणारा कागद घरात आला, तर त्यातला गोल सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका. असा सेल गिळला गेला तर काही तासांतच अन्ननलिका भाजून निघते. शंका आली तरी लगेच दवाखाना गाठायचा. आणि असा अंक रद्दीत देण्याआधी सेल काढून वेगळा ठेवायचा. संपादक-प्रकाशकांना विनंती एवढीच, की मुखपृष्ठावर उठाव करण्याचा खर्च करणारच असाल, तर अंकाचे नाव आणि महिना ब्रेलमध्येही उठवा. चार ठसे जास्तीचे लागतील. घर नाही तर निदान दारावरची पाटी तरी वाचता येईल.

आमच्या दुकानापुरते आम्ही एक काम सुरू केले आहे. बांधून झालेल्या प्रत्येक ग्रंथाच्या पाठीवर सोनेरी नावाखाली चाचांनी टोचलेली ठिपक्यांची छोटी पट्टी चिकटवतो, त्यावर मासिकाचे नाव आणि वर्ष. त्याचे पैसे बिलात लावत नाही. पहिले वर्षभर कुणी विचारलेही नाही. मग एका शाळेच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला, पाठीवर हाताला हे खडबडीत काय लागते म्हणून. आम्ही सांगितले. यंदा त्यांचा गठ्ठा आला तेव्हा वर सुतळीत खोचलेली चिठ्ठी होती : मुखपृष्ठे काढू नयेत. ठिपक्यांची पट्टी सर्व ग्रंथांना लावावी, मागच्या वर्षीच्याही. ते सोबत परत पाठवले आहेत.